गढूळ नळी

इन्क्युबेटरचं दार उघडलं की आतली ऊब तोंडावर यायची आणि कुंदा पगारे दरवेळी डोळे मिटायची. सदतीस अंश. माणसाच्या अंगाची ऊब. जंतूंना वाढायला नेमकी तीच लागते, त्याला कोण काय करणार! पण जयराम अहिरे गेल्यापासून ती ऊब तिला कपाटाची वाटत नसे. कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिलंय आणि बोलता बोलता थांबलंय, असं वाटे. शिपाई पुंजाराम तर त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नसे. "अहिरे सर घुटमळत्यात तिथं," असं उघड म्हणायचा आणि झाडू दाराशी टेकवून चालता व्हायचा. कुंदा त्याला हसायची, आणि हसून झालं की स्वतःच झाडून घ्यायची.

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा फ्रीज आणि दोन माणसं. जयराम लेक्चरर, कुंदा डेमॉन्स्ट्रेटर. बाकीचे प्राध्यापक त्यांना 'जंतूवाले' म्हणत आणि त्यांच्याकडचा चहा घ्यायला जरा कचरत. कचरण्याचं कारण जंतू होते की आणखी काही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावर ते दार लावून पोटभर हसत. जयराम मनमाडचा, रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा. बाप लवकर गेला. आई भागीबाईनं कोळसा वेचला, लोकांची धुणी धुतली आणि पोराला एम.एस्सी. केलं.

या जयरामनं एक जंतू शोधून काढला होता. कुठल्याशा मातीतला. माती कुठली, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पेपर छापून येईपर्यंत ठिकाण सांगायचं नाही, अशी या मंडळींची रीतच असते. नववी माती म्हणून जंतूचं नाव जे-नऊ. 'जे' कशाचा, ते सांगायला नकोच.

जे-नऊची करामत जयराम वर्गात फार रंगवून सांगायचा. "जंतूची भिंत विटांची नसते, बाजेसारखी विणलेली असते," म्हणायचा आणि फळ्यावर बाज काढायचा. "उभ्या दोऱ्या साखरेच्या कण्यांच्या, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे हे आडवे टाके. आत रस नुसता दाटलेला. टाके शाबूत, तोवर जंतू शाबूत. टाके तोडले की फुटलाच." हे टाके तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जे-नऊ तयार करून अंगाबाहेर सोडत असे. पू करणाऱ्या जंतूंच्या भिंतीचे टाके ते नेमके हेरायचं. "विकर म्हणजे प्रथिनाची लांब साखळी, स्वतःभोवतीच गुंडाळून घट्ट बसलेली. त्या गुंडाळीत एक खाच असते आणि खाचेत तोच एक टाका बसतो, दुसरा नाही. माझ्या आईचा अडकित्ता बघा. सुपारी जबड्यात बसली तर कातरते. अडकित्त्यानं कुणी नारळ फोडतं का?" मग एखादं चुणचुणीत पोर विचारायचं, "पण सर, तो अडकित्ता त्या जंतूला स्वतःला नाही का कातरत?" जयरामला हाच प्रश्न हवा असायचा. "तो काय तुमच्यासारखा आहे? स्वतःच्या भिंतीला तो टाकाच निराळा घालतो."

बोलता बोलता तो हातातली गढूळ नळी वर धरायचा. पातळ ताकासारखं पाणी, त्यात कोट्यवधी जंतू. त्यात जे-नऊच्या रसाचे चार थेंब. नळीमागं धरलेल्या कागदावरची काळी रेघ आधी दिसायची नाही, मग धुरकट दिसायची, आणि तास संपायच्या आत स्वच्छ. ताकाचं पाणी व्हायचं. वर्गातली सगळ्यात वात्रट पोरंसुद्धा त्या वेळी गप्प बसत, आणि मागं उभी असलेली कुंदा नळीकडं बघायची सोडून जयरामच्या तोंडाकडं बघत राहायची. तिचं त्याच्यावर मन होतं. त्याला ते कळत होतं. दोघंही पेपर छापून यायची वाट बघत होते, जणू लग्नाची पत्रिकाही तिथंच छापून येणार होती.

एकोणऐंशीच्या थंडीत जयराम मनमाडला गेला आणि यार्डाजवळ त्याच्या पायात खिळा घुसला. नाशिकला आणला तोवर पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि विष रक्तात गेलं होतं. जखमेतला पू कुंदानं स्वतः कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि लॅबमध्ये वाढवला. दुसऱ्या दिवशी ताटलीत सोनेरी ठिपके उठले, हळदीच्या कण्यांसारखे. तिनं त्यांच्यावर औषधांच्या सगळ्या चकत्या ठेवून पाहिल्या. एकाही चकतीभोवती जागा मोकळी झाली नाही. ठिपके चकत्यांना खेटून वाढले, म्हणजे एकाही औषधाला ते दाद देत नव्हते.

ती हे सांगायला दवाखान्यात गेली तेव्हा जयराम तापानं लाल झाला होता. उशाशी भागीबाई बसली होती. एरवी चारचौघांत 'पगारे मॅडम' म्हणणारा माणूस पहिल्यांदाच एकेरीवर आला. "कुंदा, माझं दे ना. जे-नऊचा रस दे. निदान ताटलीवर टाकून तरी बघ."

"तो रस कच्चा आहे," कुंदा म्हणाली. "त्यात काय काय आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही. परकं प्रथिन रक्तात गेलं तर त्यानंच जीव जाईल. दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर तुम्ही त्याला नापास केलं असतं."

जयराम हसला. "केलं असतं खरं," म्हणाला. तो गेला त्याच्या आधीचं हे त्याचं शेवटचं शहाणपणाचं वाक्य. पुढं नुसती बडबड होती.

कुंदा बोलली त्यात चूक काहीच नव्हतं. कुठल्याही पुस्तकात तेच लिहिलेलं सापडेल. पण रक्तात घालणं वेगळं आणि ताटलीवर टाकून बघणं वेगळं. ताटलीवर का नाही टाकला? त्याला चार थेंब पुरले असते. तिनं टाकला नाही, कारण टाकल्यावर ठिपके विरघळले असते तर तिला 'नाही' म्हणता आलं नसतं. या एवढ्या एका गोष्टीत ती स्वतःशी कधी खोटं बोलली नाही, आणि म्हणूनच तिला त्या खोलीतल्या उबेची भीती वाटायची.

भागीबाई लेकाच्या जाळण्याला गेली नाही. बायांना नेत नसत. पण वर्ष सरलं तशी ती मनमाडहून पॅसेंजर धरून नाशिकला आली, विचारत विचारत कॉलेज शोधलं, आणि लॅबमधल्या उंच स्टुलावर पाय लोंबते सोडून बसली. "जयभीम, पोरी," म्हणाली. "बगितलंस का?"

"काय, आई?"

"त्यानं मरताना मागितलं व्हतं ते. त्याचंच औषध त्याच्या दुखन्यावर टाकून बगितलंस का? काखंत कळसा अन् गावाला वळसा झाला का नाय, तेवडं सांग."

कुंदाला ते बघणं काही अवघड नव्हतं. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात, पॅराफिन तेलाच्या थराखाली, जयरामच्या पायातला तो जंतू झोपलेला होता. तिनंच ठेवला होता. का, ते तिला सांगता आलं नसतं. आणि पुढच्या फळीवर होता जे-नऊ. दोघांना एका नळीत घालायचं, की तासाभरात निकाल. रेघ दिसली, तर जयराम वाचण्यासारखा होता आणि कुंदानं त्याला जाऊ दिला. नाही दिसली, तर नाही.

त्या वर्षी ती म्हणाली, परीक्षा चालू आहेत. पुढच्या वर्षी म्हणाली, फ्रीज बिघडलाय. त्याच्या पुढच्या वर्षी वीज जाते, रस शुद्ध करावा लागतो, असं काहीबाही. भागीबाई ऐकून घ्यायची, पदरातून कुरडया काढून टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडायची नाही, पुढच्या वर्षी यायची.

कुंदानं लग्न केलं नाही. तिनं जे-नऊ सांभाळला. एवढंच जयरामचं जितंजागतं मागं राहिलं होतं, मग ते सांभाळायचं कसं? जीव लावून. जंतू जुन्या नळीतून नव्या नळीत उतरवायचा, नवं अन्न द्यायचं, याला सबकल्चर म्हणतात. शहाणा माणूस ते कधीतरी करतो. कुंदा दर आठवड्याला करायची. फ्रीज बंद पडला तर? नळी वाळली तर? पुंजारामचा धक्का लागला तर? शनिवारी बाकीचे घरी गेले की ती बर्नर पेटवायची, तार लाल करायची आणि जे-नऊला ताज्या, गोड, भरपूर अन्नावर नेऊन ठेवायची. बाळंतिणीला कुणी इतकं जपत नसेल. गढूळ नळी निवळतानाचा तो खेळ मात्र तिनं पुन्हा कधी केला नाही. पोरांनाही दाखवला नाही. तिच्यानं तो बघवला नसता.

पंच्याऐंशीच्या नाताळात भागीबाई आली ती भिंतीला हात लावत लावत आली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"आता समदं धुरावानी दिसतंय," ती म्हणाली. "पुढल्या साली आले तरी दिसायचं नाय. ह्याच टायमाला दाव. माज्या डोळ्यांनी बगायचंय."

कुंदाला या वेळी सबब सुचली नाही. कॉलेजला सुट्टी होती, इमारत रिकामी होती. तिनं तेलाखालची नळी काढली. त्यातला जंतू नव्या अन्नावर सोडला. जे-नऊही वाढायला लावला, आणि भागीबाईला आपल्या खोलीवर घेऊन आली.

संध्याकाळी भागीबाईनं आपणहून भाकरी थापायला घेतली. दिसत नसलं तरी हाताला सवय होती. थापता थापता म्हणाली, "तुला वाटत आसंल, ही म्हातारी मला छळाया येती."

"नाही, आई."

"वाटू दे. पर मी तुज्यासाठी येत नाय. खिळा घुसला तवा तो म्हनला व्हता, आई, नाशकाला जातो. मीच जाऊ दिलं नाय. म्हनलं, हळद बांधू, कांदा भाजून बांधू, थोरामोठ्यांचे पाय बरे झाले त्यानं. घरात ठिवून घेतला त्याला. किती दिसांनी पोरगं घरी आलं व्हतं!" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "डागदरनं इचारलं, इतके दिस काय करत व्हता? मी बोललेच नाय. तुज्या नळीनं तो वाचन्यासारका व्हता आसं कळलं ना, तर मी निवांत मरंन. मंग तो माज्या हळदीनं मेला आसं नाय व्हनार."

इतकी वर्षं दोघी एकाच नळीकडं बघत होत्या आणि प्रत्येकीला उलट उत्तर हवं होतं. रेघ दिसली तर कुंदा दोषी, नाही दिसली तर ही. दोघींची सुटका एका वेळी होण्याची सोयच त्यात नव्हती. रात्री दिवा मालवल्यावर कुंदानं, देवावर विश्वास नसताना, काहीतरी मागितलं. आणि आपण काय मागितलं हे आठवून तिला अंथरुणात लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तीन नळ्या मांडल्या. मागं कागद, कागदावर बोटभर जाड काळी रेघ. भागीबाईला तेवढी दिसत होती. पहिल्या नळीत जयरामच्या पायातला जंतू, वरून जे-नऊचा रस. दुसरीत तोच जंतू, वरून नुसतं पाणी. तिसरीत कॉलेजातला साधा, शिकवायला ठेवलेला पुवाचा जंतू, आणि वरून जे-नऊचा रस. त्या साध्या जंतूला जे-नऊनं जयरामच्या हातात कधी दगा दिला नव्हता. औषध कामाचं आहे की नाही याची साक्ष म्हणून अशी एक नळी ठेवावीच लागते. कुंदानं ती हाताच्या सवयीनं ठेवली.

दोघी शेजारीशेजारी बसल्या. इन्क्युबेटरचं दार नीट लागलं नव्हतं, तिथून ऊब येत होती. भागीबाई एकदम मान वळवून म्हणाली, "कोन आलं?"

"कुणी नाही, आई."

पहिली नळी गढूळच राहिली. कुंदानं घड्याळाकडं बघणं सोडून दिलं. चहा केला, तो निवला. ऊन टेबलावरून खाली उतरलं. नळी गढूळ ती गढूळ. रेघेचा मागमूस नाही.

"दिसती का गं रेघ? मला दिसंना. माजेच डोळे हायेत का?"

"नाही, आई. मलाही दिसत नाही."

भागीबाई स्टुलावर जरा खचल्यासारखी झाली. "म्हंजे माजंच," म्हणाली. "हळदीचंच." मग तिनं कुंदाच्या पाठीवरून हात फिरवला. "तू सुटलीस, पोरी. आता लग्न कर कुनाशी तरी." आणि पदरानं डोळे पुसत स्वतःशीच बोलली, "गावात मी समद्यांना सांगत व्हते, माज्या लेकानं औषध काडलं. आता नाय सांगनार."

कुंदाच्या छातीवरचा दगड उतरला होता. खोटं कशाला बोला, उतरला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास आला. तो श्वास आत असतानाच तिची नजर तिसऱ्या नळीवर गेली.

तीही गढूळ होती.

जो साधा जंतू जयरामच्या चार थेंबांनी पाणी पाणी व्हायचा, तो मजेत जिवंत होता. याचा अर्थ कळायला कुंदाला वेळ लागला नाही. हाच अर्थ ती दरवर्षी पोरांना शिकवायची. पायातल्या जंतूपुढं औषध हरलं असं नव्हतंच. नळीत औषधच नव्हतं. जे-नऊ जिवंत होता, गुबगुबीत होता, फक्त अडकित्ता विसरला होता. मातीत चार शत्रू असतात, उपास असतात, म्हणून तो विकर करत होता. दर शनिवारी पुढ्यात आयतं ताट आल्यावर त्यानं कुणाची भिंत कशाला फोडावी? पिढ्यामागून पिढ्या नुसतं खाऊन त्यानं तो धंदाच सोडून दिला होता. अति तिथं माती म्हणतात ते हे. त्याला कोपऱ्यात तेलाखाली टाकून दिलं असतं, तर तो जसाच्या तसा राहिला असता.

भागीबाई पिशवी चाचपत होती. संध्याकाळची गाडी होती. तिला तिसऱ्या नळीचा अर्थ माहीत नव्हता आणि कुंदा बोलली नसती तर तो कधी कळलाही नसता. कुंदानं नुसत्या तीन नळ्या बेसिनमध्ये ओतायच्या होत्या. तेवढ्यानं सगळं संपत होतं. ती नळ्या उचलायला उठलीही. मग तिला दिसलं, की ही बाई आता मनमाडला जाऊन उरलेलं आयुष्य चुलीपुढं हळदीच्या डब्याकडं बघत काढणार आहे, आणि लेकाचं नावसुद्धा काढणार नाही.

"आई, थांबा. हा निकाल खरा नाही."

भागीबाई थांबली.

"त्यांचं औषध खोटं नव्हतं. ते मी घालवलं. फार जपलं, फार खाऊ घातलं, आणि त्यातला गुण गेला. ही तिसरी नळी बघा. इथं तरी निवळायला हवं होतं. नाही निवळलं. म्हणजे आज आपण काहीच विचारलं नाही, आणि कुणी उत्तरही दिलं नाही."

"मंग तो वाचला आसता का?"

"ठाऊक नाही. माती कुठली ते त्यांनी सांगितलं नव्हतं. आता कळण्याचा रस्ता नाही."

भागीबाई पुन्हा स्टुलावर बसली. ती रडेल, शिव्या देईल, कुंदानं दोन्हीची तयारी केली होती. ती शिव्या देती तर कुंदाला बरंच वाटलं असतं. पण तिनं नुसती पिशवी मांडीवर घेतली. मागं ऊब येत राहिली.

"लय जपलंस," म्हणाली. "मीबी जपलंच व्हतं त्याला. घरात ठिवून." तिच्या आवाजात राग नव्हता. "दोगीबी सारक्याच की गं आपन."

कुंदा तेव्हा रडली. सहा वर्षांत रडली नव्हती इतकी रडली, आणि भागीबाईनं तिला गप्प केलं नाही.

मग म्हातारीनं टेबलावर हात फिरवला आणि बोट पहिल्या नळीला लागल्यावर थांबवलं. "ह्यात ते हाये? त्याच्या पायातलं? जितं हाये?"

"हो. द्या इकडं. उकळून टाकते. कधीच टाकायला हवं होतं."

"नको."

"आई, यानंच मारलं त्यांना."

"म्हनूनच म्हनते," भागीबाई म्हणाली. तिनं नळी मुठीत धरली होती. "तो वाचन्यासारका व्हता का नाय, ते तुला ठावं नाय, मला ठावं नाय. ठावं आसंल तर ह्यालाच. उद्या कुनी तसलंच औषध पुन्यांदा काडलं, तर ह्याला इचारता यील. तवर ठिव त्याला."

कुंदानं हात पुढं केला. भागीबाईनं नळी लगेच सोडली नाही.

"अन् आईक. ह्याला जपू नको. नुसतं ठिव."

कुंदानं बर्नर पेटवला, तार लाल केली आणि त्या जंतूला नव्या नळीत उतरवून वाढायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोनेरी ठिपके उठले. तिनं त्यांच्यावर तेलाचा जाड थर ओतला आणि नळी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवून दिली.